आधी सांगा, मग ग्लास हातात द्या

इंदूरच्या मराठी घरांत गेल्या काही वर्षांत एक बदल झाला आहे, आणि त्याबद्दल आपण मोकळेपणाने बोलत नाही. पूर्वी ‘बसणं’ म्हणजे चार-पाच पुरुष, एक बाटली, सोडा, शेंगदाणे, शेव आणि दार लोटून घेतलेली खोली. घरातल्या बायकांना सगळं ठाऊक असायचं, पण विषय कुणी काढायचं नाही. आता सुदामानगरात, लोकमान्यनगरात, निपानियाच्या नव्या इमारतींमध्ये शनिवारी रात्री गच्चीवर जोडपी जमतात. टेबलावर शेकर असतो, चिरलेली लिंबं, पुदिना, बर्फाची बादली असते आणि कुणीतरी एक जण हौसेने सगळ्यांसाठी कॉकटेल बनवत असतो. मला हा बदल मनापासून आवडतो. चोरून पिण्यापेक्षा चारचौघांत, गप्पा मारत, खात-पीत घेणं कितीतरी बरं. आमच्या मित्रमंडळीत मिसळण्याचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच असतं.

पण कॉकटेलने पिण्यातली एक गोष्ट मुळातून बदलली आहे. बाटलीतून स्वतःच्या हाताने ओतून घेणाऱ्याला आपण किती घेतलं ते दिसतं. कॉकटेलमध्ये ते दुसराच कुणीतरी ठरवतो. पिणाऱ्याला ते दिसत नाही, आणि बनवणारा चांगला असेल तर जिभेलाही कळत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: दुसऱ्यासाठी ग्लास भरणाऱ्याने मापून भरावा, त्यात काय आणि किती आहे ते न विचारता सांगावं, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारू नये. हे यजमानाच्या मर्जीवर सोडण्यासारखं नाही, ते त्याचं कर्तव्य आहे. आणि ते पार पाडता यावं इतकी साधी माहिती त्याला पुरवणं हे सरकारचं काम आहे.

घरातल्या शिष्टाचाराचा सार्वजनिक प्रश्न कशाला करायचा, असं कुणी म्हणेल. तो प्रश्न आपल्या राज्याने आधीच सार्वजनिक केला आहे. १ एप्रिल २०२३ पासून मध्य प्रदेशात दारूच्या दुकानांना लागून असलेले अहाते, म्हणजे तिथेच बसून प्यायच्या जागा, बंद झाले. तो निर्णय योग्य होता, असं मला वाटतं. अहात्यांबाहेरून संध्याकाळी जाणं बायका-मुलींना नकोसं व्हायचं. पण अहाता बंद झाला म्हणून माणसं प्यायची थांबली नाहीत. काही गाडीत बसून पिऊ लागली, काही मैदानांच्या कडेला, आणि बरीचशी घरी. म्हणजे जे थोडंफार कायद्याच्या नजरेखाली होत होतं ते आता आपल्या दिवाणखान्यात आणि गच्चीवर आलं आहे. बारमध्ये निदान पेगमेजर असतं, बिलावर आकडा असतो, एकविसाखालच्या मुलाला दारू देणं हा मालकाच्या परवान्याचा प्रश्न असतो. घरात यातलं काहीच नसतं. तिथे असतो फक्त यजमान.

आता थोडं गणित, कारण सगळा वाद त्यावर उभा आहे. आपल्याकडे मिळणारी व्हिस्की, रम, व्होडका, जिन साधारण ४२.८ टक्क्यांची असते. बाटलीवर तसं छापलेलं असतं. ३० मिलीचा एक स्मॉल घेतला तर त्यात सुमारे १३ मिली, म्हणजे जवळपास १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क जातो. धडधाकट माणसाचं यकृत तासाला साधारण तेवढाच, बहुतेकांचं त्याहून थोडा कमीच निकालात काढतं. त्याचा वेग कॉफीने वाढत नाही, गार पाण्याच्या अंघोळीने नाही, की लिंबू चाटल्याने नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला की तो गुन्हा. पहिल्या खेपेला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सत्तर किलोच्या पुरुषाने एक स्मॉल घेतला तर पातळी ढोबळमानाने वीस-बाविसापर्यंत जाते. पंचावन्न किलोच्या बाईने तोच स्मॉल घेतला तर ती तिशीच्या आसपास किंवा वर जाऊ शकते, कारण बाईच्या शरीरात वजनाच्या मानाने पाण्याचा अंश कमी असतो. पोट भरलेलं आहे की रिकामं, किती वेळात प्यायली, यावर आकडा खालीवर होतो. तरी सांगायची गोष्ट स्पष्ट आहे: ‘एकाने काय होतंय’ हे वाक्य सगळ्यांना सारखं लागू नाही.

आता हेच गणित कॉकटेलला लावून पाहा. पार्ट्यांमध्ये सगळ्यांना माहीत असलेलं नाव म्हणजे लाँग आयलंड आइस्ड टी. त्याच्या प्रमाणित कृतीत व्होडका, जिन, पांढरी रम, टकिला आणि संत्र्याचं लिकर प्रत्येकी १५ मिली असतं. वर लिंबाचा रस, पाक आणि थोडा कोला. म्हणजे ७५ मिली मद्य, एका उंच ग्लासात अडीच स्मॉल. घरी बनवणारे मात्र ‘पंधरा मिली म्हणजे काहीच नाही’ म्हणून प्रत्येकाचा एक-एक स्मॉल घालतात. झाले दीडशे मिली, पाच स्मॉल, पन्नास ग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाने असा एकच ग्लास रात्री दहाच्या सुमारास संपवला, तर कायद्याच्या हिशेबाने पहाटे तीनपर्यंत तो गाडी चालवायला लायक नाही. त्याला मात्र वाटत असतं की आपण एकच ड्रिंक घेतलं. तो खोटं बोलत नसतो, त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आणि हाताचा अंदाज? आमच्याकडे मी तो मोजून पाहिला आहे. अनुभवी हातांनी ‘स्मॉल’ म्हणून ओतलेलं खोकल्याच्या औषधाच्या मापात घातलं की चाळीस, पंचेचाळीस, कधी पन्नासही भरतं. ग्लास रुंद असेल तर जास्तच. बर्फ भरपूर असेल तर ओतणाऱ्याला ते कमीच दिसतं आणि तो आणखी थोडं घालतो. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. उलट कमी घातलं तर आपण कंजूष दिसू, ही भीती असते.

गेल्या हिवाळ्यात रामबागेजवळच्या एका घरी गराडूची, म्हणजे तळलेल्या कंदाची, पार्टी होती. यजमानांच्या पुण्याहून आलेल्या भाच्याने स्टीलच्या मोठ्या जगमध्ये आमसुलाचं कॉकटेल केलं होतं. दिसायला सुरेख. गडद लाल रंग, आलं किसून पिळलेलं, आणि ग्लासांच्या काठाला मीठ लावण्याऐवजी त्याने आपलं जिरावण, म्हणजे इंदुरी मसाला, लावलं होतं. इंदूरच्या चवीचा इतका नेमका उपयोग मी आधी पाहिला नव्हता. आमच्यातल्या एक शिक्षिका एरवी फारसं घेत नाहीत. त्यांनी विचारलं, तेव्हा भाचा म्हणाला, “मावशी, सरबतच समजा, थोडीशीच आहे.” त्यांनी दोन ग्लास घेतले. दोनेक तासांनी त्या निघाल्या तेव्हा स्कूटीची किल्ली कुलपात बसेना. लोक हसले. मी भाच्याला बाजूला घेऊन विचारलं, किती घातली होती? म्हणाला, “एक अख्खी बाटली, बाकी अंदाजाने.” ७५० मिलीच्या बाटलीत पंचवीस स्मॉल येतात. जगमधून बारा ग्लास निघाले होते. म्हणजे ग्लासामागे दोन स्मॉल, आणि मावशींच्या पोटात चार. त्यांचा बांधा पाहता कायद्याच्या मर्यादेच्या तिप्पट तरी पातळी असणार. आम्ही त्यांना कॅबने घरी पाठवलं आणि स्कूटी दुसऱ्या दिवशी सकाळी नेऊन दिली.

भाचा गुणी मुलगा आहे. चवीची त्याने जितकी काळजी घेतली होती तितकीच प्रमाणाचीही घेतली असती, जर ‘थोडीशीच’ हे उत्तर चालत नाही असं त्याला कधी कुणी शिकवलं असतं. शिवरात्रीला आपल्या माळव्यात ठंडाईच्या गाड्यावरसुद्धा विचारतात, साधी देऊ की विजयावाली? भांगवाला गिऱ्हाइकाला जो प्रश्न विचारतो तो आपल्या गच्चीवर आपण आपल्याच पाहुण्यांना विचारत नाही, ही मला गंभीर बाब वाटते.

याच्या मुळाशी आपला आग्रह आहे. माळव्यात मनुहारीची, म्हणजे पाहुण्याला आग्रहाने खाऊ-पिऊ घालण्याची, रीत जुनी. राजपूत घरांत पाहुण्याला ओंजळीतून अफूचा कसुंबा पाजण्याची मनुहार असे, आणि तो नाकारणं हा अपमान समजला जाई. आपण मराठी माणसं इथे होळकरांबरोबर आलो ते पंगतीतला आग्रह घेऊन. दोन्ही एकमेकांत मिसळले आणि इंदूरचा पाहुणचार तयार झाला. त्याचा मला अभिमान आहे. पण पंगतीत आग्रहाने वाढलेली जिलबी फार तर पोट बिघडवते. ती खाऊन माणूस गाडी चालवताना कुणाला उडवत नाही. ‘माझ्या शपथेवर’, ‘वहिनी, तुम्ही पण घ्याच आज’, ‘एवढ्याने काय होतंय’, ‘तू नाही घेतलीस तर मीही नाही’ ही वाक्यं जेवणाच्या पानावर प्रेमाची असतात. दारूच्या ग्लासावर तीच वाक्यं जबरदस्ती होतात.

नकाराला कारण मागणं हा या आग्रहाचाच भाग, आणि तोही बंद व्हायला हवा. आमच्या वयाच्या कुठल्याही बैठकीत दोघा-तिघांना मधुमेह असतो, कुणाला रक्तदाब, कुणी झोपेची किंवा चिंतेची गोळी घेत असतं, कुणाला फिटची औषधं चालू असतात. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना रिकाम्या पोटी मद्य घेतलं, तर काही तासांनी रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. तेव्हा घाम सुटतो, बोलणं अडखळतं, तोल जातो. बघणाऱ्याला वाटतं, चढली; झोपू द्या. असं झोपू दिलेलं माणूस दगावू शकतं. झोपेच्या गोळीबरोबर मद्य गेलं तर श्वास मंदावतो. यातली कुठलीही गोष्ट दहा जणांसमोर जाहीर करायची पाहुण्यावर वेळ का यावी? त्याने नको म्हटलं की पुढची विचारपूस थांबली पाहिजे. तोंडाने नाही म्हणायलाही ज्याला संकोच वाटतो, त्याच्या हाती आपोआप पडेल असं काहीतरी टेबलावर असलं पाहिजे.

यावरून बिनदारूच्या पेयांकडे येते. आपल्याकडे न पिणाऱ्यासमोर कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली आणि प्लास्टिकचे पेले ठेवतात, आणि सगळं कौतुक, बर्फ, काचेचे ग्लास दारूच्या वाट्याला जातं. न पिणारा तिथे परका होतो. वास्तविक न पिणारेच बहुसंख्य आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशभरात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे एक टक्का मद्य घेतात, असं आढळलं. मग बैठकीची सगळी मांडणी पिणाऱ्यांभोवतीच का असावी? कैरीचं पन्हं, भाजलेलं जिरं, पुदिना आणि सोडा. आमसूल, आलं आणि जिरावण. जांभळाचा रस, काळं मीठ आणि लिंबू: यांतलं एकेक पेय त्याच काचेच्या ग्लासात, त्याच बर्फावर, त्याच निगुतीने दिलं की कोण काय पितंय ते कुणाला कळत नाही. माझ्या अनुभवात अशा वेळी पिणारेही मध्येच एखादा ग्लास त्यातला घेतात. आपोआप वेग कमी होतो, आणि दुसऱ्या दिवशीची डोकेदुखीही.

माझ्या या म्हणण्यावर तीन बाजूंनी आक्षेप येतात.

पहिला मित्रांचा. म्हणतात, तू बैठकीची मजा घालवतेस. मापं काढून दारू पिणं म्हणजे दवाखान्यात बसल्यासारखं. हा आक्षेप मला पटत नाही, कारण मिसळण्याची कला मापावरच उभी आहे. आंबट वळणाच्या कुठल्याही कॉकटेलचा पाया दोन भाग मद्य, एक भाग लिंबाचा रस, एक भाग पाक असा असतो. त्यात पाच-सात मिलीचा फरक पडला तरी चव ढासळते. अंदाजाने ओतणारा आधी पेय बिघडवतो आणि मग ते सावरायला साखर वाढवतो; साखर वाढली की दारू आणखी लपते. पेगमेजर दोन-तीनशे रुपयांत मिळतं, एकदा घेतलं की आयुष्यभर पुरतं. शिवाय वाटून पिण्याची जी परंपरा आपण सांगतो ती बेहिशेबी कधीच नव्हती. सतराव्या शतकात आपल्याच किनाऱ्यांवर ईस्ट इंडिया कंपनीच्या खलाशांनी अरक (गाळलेली देशी दारू), लिंबू, साखर, पाणी आणि मसाला घालून पंच बनवायला सुरुवात केली आणि एका मोठ्या भांड्यातून सगळ्यांनी घ्यायची रीत पडली. त्यात पाण्याचा वाटा मोठा असे, म्हणूनच ते तासन्‌तास पुरे. १८१८ मध्ये मंदसौरच्या तहानंतर आपल्या शेजारी महूची छावणी बसली. पुढे हिंदुस्थानातल्या अशा छावण्यांमधून जिन आणि टॉनिकची जोडी रूढ झाली. मलेरियावरच्या कडू क्विनीनची चव सुसह्य करणं हे तिचं मूळ कारण सांगतात. तीही लांब ग्लासातली, सावकाश घ्यायची गोष्ट.

आणि आपल्या अगदी जवळचं उदाहरण द्यायचं तर अलीराजपूर-झाबुआचे भिल. मोहाची दारू सगळ्यांत वाटण्याआधी तिची धार जमिनीवर सोडतात, देवांना आणि पूर्वजांना पहिला वाटा देतात, आणि मग पिणं समाजासमोर, सणाच्या किंवा लग्नाच्या निमित्ताने होतं. राज्य सरकारने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज मदिरा’ म्हणून मान्यता दिली. अलीराजपूरची ‘मोंड’ आता बाटलीत मिळते. मोहाच्या फुलांचा तो धुरकट गोडसर वास लिंबू आणि आल्याबरोबर फार छान जमतो. परदेशी लिकरच्या मागे धावण्यापेक्षा इंदूरच्या गच्च्यांवर मोहाचं कॉकटेल व्हावं आणि त्यातले चार पैसे बनवणाऱ्या बायकांच्या गटांकडे जावेत, असं मला तळमळीने वाटतं. मात्र फुलांचा वास गोड आहे म्हणून ती हलकी, असा समज करून ती ओतू नये. तीही मापूनच घालावी लागते.

दुसरा आक्षेप दारूबंदी मागणाऱ्यांचा. १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर यांच्यासह राज्यातल्या एकोणीस ठिकाणी दारूची दुकानं बंद झाली. मग इंदूरमध्येही तसंच करा, म्हणजे हा प्रश्नच संपेल, असं अनेक ज्येष्ठ मंडळी म्हणतात. दारूने घरं उद्ध्वस्त झालेली त्यांनी पाहिली आहेत आणि त्यांच्या रागाचा मी आदर करते. पण आपले अर्धे नातेवाईक बडोद्याला आहेत. गुजरातेत कागदावर बंदी मुंबई राज्याच्या १९४९ च्या कायद्यापासून चालत आली आहे, आणि तरीही त्याच राज्यात २००९ मध्ये अहमदाबादला शंभरावर आणि २०२२ मध्ये बोटाद परिसरात चाळीसवर माणसं विषारी दारूने मेली. हे फक्त बंदीच्या राज्यात होतं असंही नाही. आपल्याकडे मुरैनात जानेवारी २०२१ मध्ये वीसहून अधिक लोक गेले. अशा दारूत मिथाइल अल्कोहोल असतं. त्याचा वास-चव नेहमीच्या मद्यार्कापासून ओळखता येत नाही, आणि ते दृष्टी आणि जीव दोन्ही घेतं. बंदीत बाटली कुठून आली हे विचारायची सोय राहत नाही, आणि कॉकटेल तर भेसळ लपवायला सगळ्यांत सोयीचं. म्हणून माझ्या मते यजमानाने आबकारीचं लेबल शाबूत असलेली बाटली पाहुण्यांसमोर फोडावी. कुणीतरी स्वस्तात आणून दिलेली, सील नसलेली, ‘कॅन्टीनची आहे’ म्हणून सांगितलेली बाटली टेबलावर येऊच नये.

तिसरा आक्षेप डॉक्टर मंडळींचा, आणि तो सगळ्यांत वजनदार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. जानेवारी २०२३ मध्ये त्याच संघटनेने सांगितलं, आरोग्याच्या दृष्टीने मद्याचं सुरक्षित म्हणता येईल असं कुठलंही प्रमाण नाही. मग प्रमाण सांगून प्यायला लावणं म्हणजे पिण्याला प्रतिष्ठा देणं नाही का? मी हे नाकारत नाही. एक ग्लास तब्येतीला चांगला, हे कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. जो पीत नाही त्याने सुरू करण्याचं काहीही कारण नाही. पण जो पिणारच आहे त्याला आकडा न सांगण्याने कुठलं आरोग्य सुधारतं? आकडा कळलेली माणसं कमी पितात, हे मी माझ्या टेबलावर पाहते. ‘यात दोन स्मॉल आहेत’ असं सांगून ग्लास दिला की बरेच जण तोच तासभर पुरवतात, आणि अनेक बायका म्हणतात, मग अर्धाच दे.

बायकांबद्दल इथे थोडं थांबून बोलावंसं वाटतं. आमच्या पिढीतल्या अनेक जणी चाळिशीनंतर पहिल्यांदा मद्य घेतायत, आणि ते कॉकटेलच्या वाटेने. त्यांना ‘लेडीज ड्रिंक’ म्हणून जे गोड, रंगीत, छत्री लावलेलं दिलं जातं, ते बहुतेक वेळा पुरुषांच्या व्हिस्की-सोड्याहून कडक असतं. नवरा समोर बसलेला असतो, बनवणारा त्याचा मित्र असतो, विचारलं तर अडाणी ठरू आणि नाही म्हटलं तर काकूबाई ठरू, अशी त्यांची कोंडी होते. त्यात काही पुरुष मुद्दाम कडक बनवतात, वहिनींना चढलेली बघायला. याला गंमत म्हणणारा माणूस माझ्या गच्चीवर पुन्हा येत नाही. दुसऱ्याच्या शरीरात त्याला न सांगता काही घालणं हा त्या माणसावर केलेला अन्याय आहे, मग तो नात्यातला असो की दोस्तीतला. मुलींना आपण शिकवतो, पार्टीत ग्लास नजरेआड करू नकोस. मुलांना त्याच ठामपणे शिकवायला हवं की तू बनवतोस तेव्हा तिच्यासमोर बनव आणि तोंडाने सांग. आणि एकवीस वर्षांखालच्या मुलांना ‘घरीच तर आहे’ म्हणून घोट देणारे काका-मामा मी पाहिले आहेत. यजमानाने त्यांना तिथल्या तिथे थांबवावं.

निघण्याच्या वेळेचं सांगायचं तर, कोण गाडी चालवणार हे पहिला ग्लास भरण्याआधी ठरावं. नंतर प्रत्येकाला आपण ठीकच आहोत असं वाटतं. इंदूरमध्ये मध्यरात्रीही कॅब मिळते. ती मिळेपर्यंत पाहुण्याला बसवून ठेवणं, किंवा गादी घालून देणं, हेही यजमानाचंच काम. कुणी बेशुद्धीसारखं झोपलं तर त्याला उताणं सोडू नका, कुशीवर वळवा, कुणीतरी शेजारी बसा. हाक मारूनही उठत नसेल, श्वास अडखळत असेल तर १०८ ला फोन करा, आणि फोन करताना काय आणि किती प्यायलं ते सांगा. ते सांगता यायचं तर ग्लास मापून भरलेला हवा.

आता सरकारकडे वळते. बाटलीवर टक्के छापलेले असतात आणि ‘मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे, सुरक्षित राहा, पिऊन गाडी चालवू नका’ अशा अर्थाचा इशारा असतो. टक्क्यांवरून ग्रॅम काढणारा माणूस पार्टीत सापडत नाही. ‘३० मिली म्हणजे १० ग्रॅम मद्यार्क, तो उतरायला तासाहून जास्त वेळ’ एवढी ओळ मोठ्या अक्षरात, हिंदीत छापायला कारखान्यांना काहीही खर्च येत नाही. देशभराचे लेबलचे नियम केंद्रात ठरतात हे खरं. पण दुकानाच्या खिडकीवर फलक लावणं आणि प्रत्येक बाटलीबरोबर ३० मिलीची खूण असलेलं झाकणाएवढं माप देणं तर राज्याच्या आबकारी विभागाच्या हातात आहे.

आपल्या राज्याने घरातल्या पिण्याचा विचार केलाच नाही, असं नाही. २०२२-२३ च्या आबकारी धोरणात घरी ठेवायच्या दारूची मर्यादा चौपट केली गेली आणि घरगुती बारचा परवाना आणला गेला. वर्षाला एक कोटी रुपये उत्पन्न असणाऱ्याला ५०,००० रुपये वार्षिक शुल्क भरून तो मिळेल, असं ठरलं. अट उत्पन्नाची घातली. त्या बारमध्ये पाहुण्याला मापून देणार का, एकविसाखालच्यांना दूर ठेवणार का, पिऊन गाडी काढणाऱ्याला थांबवणार का, यातलं काही त्या परवान्याच्या केंद्रस्थानी आलं नाही. आपल्याकडे नवं आबकारी धोरण दरवर्षी १ एप्रिलपासून लागू होतं. त्याआधीच्या महिन्यांत दुकानं किती, कुठे आणि लिलाव कितीला, यावर आमदार-नगरसेवक हिरिरीने बोलतात. इंदूरच्या मराठी मंडळांनी, रहिवासी संघांनी, महिला मंडळांनी या वेळी निवेदन द्यावं आणि त्यात दोनच मागण्या घालाव्यात: दुकानावर ग्रॅमचा फलक आणि बाटलीबरोबर माप. निवेदनाचा मसुदा मी तयार केला आहे. ज्या मंडळाला हवा असेल त्याला देते.